सीट मिळाली, पण सोबत मिळाली का? वाशीमहून पाहिलेला आयटी शिक्षणाचा इतिहास



'पेट'ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, संशोधनाचा विषय शोधायचा कसा?" याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून आज एक विषय घेऊन तो कसा उलगडत जातो तेच दाखवते. विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथली मुलं-मुली संगणक आणि आयटी शिकायला लागली, कॉलेजात गेली, तिथल्या मित्रमंडळात सामील झाली किंवा होऊ शकली नाहीत. याचा इतिहास लिहायचा झाला तर तो कसा लिहायचा?

मी विज्ञानाची पदव्युत्तर आहे, इतिहासाची नाही. पण इतिहासवाल्यांची एक सवय मी उचलली आहे. हातात आलेला इतिहास वाचताना पहिला प्रश्न विचारायचा, की यात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही?

१. यंत्रांचा इतिहास आहे, विद्यार्थ्यांचा कुठे आहे?

भारतातल्या संगणकाच्या इतिहासावर टिपण काढा म्हटलं की आपण सगळे सारखंच लिहितो. १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पहिला डिजिटल संगणक आला. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला 'टिफ्रॅक' सुरू झाला. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० बसला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक आणि १९९१ मध्ये 'परम ८०००'. यातला शेवटचा टप्पा सांगताना आपल्याकडे आवर्जून एक वाक्य जोडतात, की 'परम'चे डॉ. विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. वाशीम तेव्हा अकोल्यातच होतं, त्यामुळे अभिमानात आपलाही वाटा.

हे सगळं खरं आहे आणि परीक्षेत मार्कही मिळतात. पण ही यादी यंत्रांची आहे. त्या यंत्रासमोर बसलेला विद्यार्थी त्यात नाही. त्याला पहिला प्रोग्राम कोणी समजावून सांगितला, इंग्रजी कळेना तेव्हा तो कोणाकडे गेला, पहिल्या वर्षी किती जण गाठोडं बांधून घरी परतले, हे त्यात कुठेच येत नाही.

मजा म्हणजे त्या सुरुवातीच्या काळातसुद्धा शिकणं ही एकट्याची गोष्ट नव्हती. पंच कार्डचा जमाना होता. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीवर द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. एका कार्डावर स्वल्पविराम चुकला तर सगळा गठ्ठा परत. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी दुसऱ्याकडून वाचून घेणं ही गरजच होती. यंत्राचा वेळ महाग होता, म्हणून माणसांचा वेळ एकमेकांना द्यावा लागायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

२. १९८३ : दारं उघडली, पण किती जणांना?

आपल्या भागासाठी १९८३ हे वर्ष फार महत्त्वाचं आहे. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पहिली, १ मे १९८३ ला नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन अमरावती विद्यापीठ सुरू झालं. आज ते संत गाडगे बाबांच्या नावाने ओळखलं जातं. दुसरी, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचं. तिसरी, प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८४ चा. विदर्भ कुठल्या क्षेत्रात किती मागे आहे, ते पहिल्यांदा आकड्यांत मांडलं गेलं.

याच सुमारास देशपातळीवर एमसीए हा अभ्यासक्रम आला. प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याची शिफारस केली होती. बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या मुलांनाही संगणकाचं दार उघडलं. अभियांत्रिकीला जाऊ न शकलेल्या तालुक्याच्या मुलासाठी ही मोठी गोष्ट होती.

म्हणजे सीट्स आल्या. आता वाशीमच्या मुलाच्या बाजूने बघा. शेगावला जायचं तर वाशीम स्टेशनवरून मीटरगेजची गाडी पकडून अकोला, आणि अकोल्याला उतरून ब्रॉडगेजची गाडी. आपली अकोला-पूर्णा लाइन ब्रॉडगेज झाली ती २००८ मध्ये. अकोल्याला गाडी बदलायची तशीच कॉलेजात भाषा बदलायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर सगळी पुस्तकं इंग्रजी. 'चल', 'अचल', 'समीकरण' डोक्यात पक्कं बसलेलं, आणि फळ्यावर 'व्हेरिएबल', 'कॉन्स्टंट', 'इक्वेशन'. गणित तेच, पण ओळख पटायला महिना जायचा. तोपर्यंत पहिली युनिट टेस्ट होऊन गेलेली असायची.

दांडेकर समितीने ज्या पद्धतीने अनुशेष मोजला त्यात रस्ते, सिंचन, शिक्षणसंस्था हे मोजता येत होतं. हा 'पहिला महिना' मात्र कुठल्या तक्त्यात बसत नव्हता. समितीचा तो दोष नाही, तिला नेमलं होतं वेगळ्या कामासाठी. पण आपण आज इतिहास लिहिताना फक्त तोच तक्ता वापरला तर दोष आपला.

३. जुन्या माणसांना जे माहीत होतं

इथे थोडं मागे जाऊ. महाराष्ट्रात बहुजन समाजाच्या शिक्षणाचा इतिहास वाचला की एक गोष्ट वारंवार दिसते. शाळा-कॉलेजच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी, वसतिगृह येतं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांची रांगच लागली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं केलं. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय चालवलं आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली.

खेड्यातून आलेल्या मुलाला नुसता प्रवेश देऊन भागत नाही, हे या लोकांना पक्कं माहीत होतं. त्याला राहायला जागा, दोन वेळचं जेवण, आणि "अरे, हे असं करतात" सांगणारा वरच्या वर्गातला कोणीतरी लागतो. वसतिगृह म्हणजे फक्त छप्पर नव्हतं. तिथे शहराची रीत कळायची, जुनी पुस्तकं हातोहात फिरायची, परीक्षेच्या आदल्या रात्री कोणीतरी समजावून सांगायचं.

आयटी शिक्षण वाढलं तेव्हा ही शहाणीव बरीचशी बाजूला पडली, असं माझं म्हणणं आहे. इमारत, लॅब, संगणकांची संख्या, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण यांची तपासणी होत गेली. मुलं एकमेकांना कशी सापडतात, याची कुठे तपासणीच नव्हती. ते काम नशिबावर सोडलं गेलं.

४. गल्लीतला क्लास आणि एमएस-सीआयटी

कॉलेजच्या बाहेर दुसरा एक इतिहास चालू होता. वाशीमसारख्या गावांत संगणकाच्या आधी टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. सरकारी परीक्षेसाठी मराठी तीस, इंग्रजी चाळीस असा वेग कमवायला मुलं-मुली तिथे जायच्या. टकटक आवाजाची खोली, तासाप्रमाणे बॅच, भिंतीवर वेळापत्रक. पुढे संगणकाचे क्लास आले तेव्हा ही सगळी रचना तशीच उचलली गेली. मोठ्या शहरांत एनआयआयटी १९८१ पासून आणि ॲपटेक १९८६ पासून होत्या. तालुक्याला मात्र संगणक आला तो बहुधा अशा लहान क्लासांतून.

१ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. म्हणजे आपला जिल्हा आणि देशाचं आयटी धोरण एकाच वयाचे आहेत. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा कोर्स गावोगाव पोहोचला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यामुळे घरोघरी माहीत झाला. दहावीचा निकाल लागला की "सुट्टीत एमएस-सीआयटी करून टाक" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

एमएस-सीआयटीवर टीका बरीच झाली. नुसतं प्रमाणपत्र, खोली नाही, वगैरे. त्यात तथ्य असेल. पण संशोधक म्हणून दुसरं काहीतरी बघा. मराठीतून संगणक शिकता येतो, हे लाखो लोकांना पहिल्यांदा तिथे अनुभवायला मिळालं. आणि एका बॅचमध्ये कोण बसायचं? दहावी झालेली मुलगी, झेडपीतले गुरुजी, तहसीलमधले बाबू. माऊस धरताना थरथरणारा हात गुरुजींचाही असायचा. ज्या मुलीने शाळेत गुरुजींसमोर कधी तोंड उघडलं नाही, ती त्यांना 'सेव्ह ॲज' दाखवायची. अशी वयाची आणि मानाची उलटापालट आपल्या समाजात सहसा होत नाही. यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी पहिली वाचेन.

याच काळातली एक गुंतागुंतही नोंदवून ठेवा. आपल्या बोर्डात अकरावी-बारावीला दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी हा विषय घेता येतो. मार्क चांगले पडतात म्हणून भरपूर मुलं घेतात. मग होतं असं, की संगणक शिकण्यासाठी काही जण मराठी सोडतात, आणि काहींना संगणक कळतो तोच मुळी मराठीतून. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात. इतिहास असाच असतो, एका दिशेने सरळ जात नाही.

५. कॅम्पसमधले गट : कागदावरचे आणि खोलीतले

आता कॉलेजात येऊ. कॉलेजमधल्या गटांचे दोन प्रकार पडतात.

पहिला प्रकार कागदावरचा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झाली. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची, तिच्या विद्यार्थी शाखा कॉलेजांत असतात. टेक फेस्ट, गॅदरिंग, अलीकडचे हॅकेथॉन. विद्यार्थी संसदेची गोष्ट तर वेगळीच. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर ठरू लागला. निवडणुकांची तरतूद पुन्हा आली ती २०१६ च्या कायद्यात. परिणाम असा, की मधली दोन दशकं वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे ज्याला जास्त मार्क तो. ज्याला सगळ्यात जास्त अडचणी आहेत, त्याचा आवाज वर जायला अधिकृत वाटच अरुंद झाली.

दुसरा प्रकार खोलीतला. रूम पार्टनर. मेसचं टेबल. 'आपल्याकडचे' म्हणजे वाशीम-रिसोडकडचे सीनियर. एका बसने येणारी मुलं. एटीकेटी लागलेल्यांची एकमेकांशी जमलेली दोस्ती. लॅब असिस्टंट काका, जे पदवी नसतानाही कुठली मशीन का अडकते ते सांगायचे. मागच्या बॅचचं जर्नल, ज्यावरून तीन बॅचने उतरवून काढलं. लोडशेडिंगच्या वर्षांत वीज असेल त्या तासांत एका पीसीवर तिघे बसायचे. एक टाइप करणार, एक वाचून सांगणार, एक चूक पकडणार. पंच कार्डवाल्या पिढीचं आठवतं ना? टंचाई वेगळी, पण पद्धत तीच.

हे गट सगळ्यांना आत घेत होते, असं मात्र समजू नका. सीनियरची मदत कोणाला मिळायची आणि कोणाला नाही, यात गाव, जात, मुलगा-मुलगी हे सगळं यायचं. 'आपल्याकडचा' या शब्दात प्रेम आहे आणि कुंपणही आहे. संशोधकाने दोन्ही लिहायचं.

६. बर्कलेमधला एक प्रयोग

तुम्ही म्हणाल, ही मित्रमंडळाची गोष्ट झाली, याचा शिक्षणाशी पुरावा म्हणून काय संबंध? म्हणून जगातलं एक काम सांगते. पेटच्या मुलाखतीतही उपयोगी पडेल.

१९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कले विद्यापीठात यूरी ट्रीझमन नावाचा एक पीएच.डी.चा विद्यार्थी होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणात नापास होत होते. प्राध्यापकांना कारणं विचारली तर नेहमीची उत्तरं मिळाली. जिद्द नाही, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, पैसा नाही. ट्रीझमनने कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे महिनोन् महिने त्यांच्या सोबत राहून पाहिलं. चारही कारणं टिकली नाहीत. फरक निघाला तो असा : चिनी विद्यार्थी गटाने बसायचे, एकमेकांची गणितं तपासायचे, 'तुला किती वेळ लागला' हे विचारायचे. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट तेवढेच घ्यायचे, पण एकटे. आपण अडलोय ते फक्त आपल्यालाच अवघड जातंय म्हणून, की प्रश्नच अवघड आहे म्हणून, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. त्याने मग गटाने अवघड गणितं सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. शिकवणी वर्ग नव्हेत, मुद्दाम अवघड गणितं. निकाल पालटले.

दुसरं उदाहरण संगणकशास्त्राचंच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीला १९९५ मध्ये मुलींचं प्रमाण साधारण ७ टक्के होतं. २००० मध्ये ते ४२ टक्क्यांवर गेलं. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी २००२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण होतं, की संगणकाचं जग मुलांच्या अड्ड्यासारखं झालं होतं. लहानपणापासून संगणकाशी खेळलेला मुलगा म्हणजेच 'खरा' संगणकवाला, अशी समजूत पसरली होती. मुली येत नव्हत्या याचं कारण बुद्धी नव्हतं. प्रवेशाचे निकष आणि पहिल्या वर्षाची रचना बदलली तशा मुली आल्या.

सिद्धांत हवा असेल तर व्हिन्सेंट टिंटो वाचा. विद्यार्थी कॉलेज मधेच का सोडतात यावर त्यांचा १९७५ चा लेख प्रसिद्ध आहे. विद्यार्थी अभ्यासात आणि कॅम्पसच्या समाजात किती मिसळला, यावर तो टिकतो की नाही हे बरंचसं ठरतं, असं ते मांडतात. पण तिथेच थांबू नका. विल्यम टियर्नी यांनी १९९२ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. 'मिसळणं' म्हणजे वंचित समाजातल्या मुलाने आपली संस्कृती मागे सोडणं, असं का गृहीत धरायचं? बदल कॉलेजने करायला नको का? वाशीमच्या मुलाची वऱ्हाडी बोली ऐकून वर्ग हसतो तेव्हा 'मिसळायचं' कोणी, हा प्रश्न आपलाही आहे.

७. शेवटच्या बसची वेळ

या सगळ्यात एक गट बाजूला राहतो, तो रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्यांचा. माझं स्वतःचं बी.एस्सी. एस.टी.च्या पासवर झालं, त्यामुळे हा मुद्दा मी विसरू शकत नाही.

लॅब पाचला सुटते. पण खरं शिकणं पाचनंतर सुरू होतं. कोणाचा कोड चालत नाही म्हणून चौघे थांबतात, चहा होतो, प्रोजेक्टचे गट ठरतात, हॅकेथॉनचा विषय निघतो. नेमकं तेव्हा गावच्या मुलीला बस गाठायची असते. दुसऱ्या दिवशी कळतं, गट ठरले. कोणी मुद्दाम वगळलेलं नसतं. ती तिथे नव्हती, एवढंच. चार वर्षांत असं कितीदा घडतं ते मोजून बघा.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शंभर टक्के शुल्कमाफी जाहीर केली. फार चांगला निर्णय आहे. फीचा अडथळा त्याने दूर होतो. वेळेचा अडथळा वेगळा. तो दूर करायला बसचं वेळापत्रक, मुलींचं वसतिगृह, किंवा गटाचं काम कॉलेजच्या वेळेतच घेण्याचा साधा नियम लागतो. यातलं काय कुठे केलं गेलं आणि त्याने काय फरक पडला, हा थेट संशोधनाचा प्रश्न आहे. माहिती गोळा करायला मुंबईला जायची गरज नाही.

८. पुरावे कुठे शोधायचे?

आता कामाचं बोलू. असा इतिहास लिहायचा तर साधनं कोणती?

लॅबचं रजिस्टर. कोण कधी आलं, कुठली मशीन बंद, कोणाची सही. प्रॅक्टिकल जर्नल, ज्यात एकाच चुकीची तीन वर्षं झालेली नक्कल सापडली तर ज्ञान कोणाकडून कोणाकडे गेलं हे कळतं. कॉलेजचा वार्षिकांक, त्यातल्या मंडळांच्या याद्या आणि गॅदरिंगचे फोटो. वसतिगृहाची नोंदवही, मेसच्या हिशेबाची वही. क्लासच्या जाहिरातींची पत्रकं. आणि आकड्यांसाठी २०१०-११ पासूनचं अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण. त्यात प्रवेश किती ते मिळेल. एकटं कोण पडलं ते मिळणार नाही.

अडचणीही ऐकून घ्या. रजिस्टरं ठरावीक वर्षांनी रद्दीत जातात. २००० च्या आसपासचे वार्षिकांक संगणकावर टाइप झालेत, पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. फाइल उघडली तर मराठीच्या जागी अगम्य खुणा दिसतात. आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग हाताने तपासा. आणि त्या दशकातल्या कॉलेजकुमारांचा मोठा अड्डा होता ऑर्कुट. कॉलेजच्या, बॅचच्या, ब्रँचच्या नावाने तिथे गट होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. १९०१ च्या बोर्डिंगची कागदपत्रं शोधता येतील, पण २००७ च्या आयटी बॅचच्या गप्पा सापडणं कठीण. जवळचा इतिहास जास्त सुरक्षित असतो असं आपण समजतो. तसं नसतं.

म्हणून मौखिक इतिहास. पण प्रश्न नीट विचारा. "कॉलेज कसं होतं?" विचारलं की "मस्त होतं" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी हे विचारून बघा :

- पहिल्या प्रॅक्टिकलला तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?
- पहिला एरर आला तेव्हा कोणाला दाखवला?
- न कळलेला इंग्रजी शब्द कोणाला विचारायचात?
- तुमच्या ओळखीचं कोण मधेच सोडून गेलं? ते आज कुठे आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपण मुलाखती घेतो त्या पुण्यात, हिंजवडीत नोकरीला लागलेल्यांच्या, कारण ते सापडतात आणि बोलायला तयार असतात. जो दुसऱ्या सेमिस्टरनंतर घरी आला आणि आज शेती किंवा दुकान बघतो, त्याच्याकडे आपण जातच नाही. मग निष्कर्ष निघतो, 'मेहनत केली की होतं'. टिकलेल्यांनाच विचारलं तर दुसरं काय निघणार? त्याच्याकडे जाताना मात्र जपून जा. संमती घ्या, नाव बदला, कॉलेजचं नावही झाका, आणि तो जे सांगेल त्याला 'अपयश' हे लेबल लावू नका. व्हॉट्सॲप ग्रुपमधले संदेश वापरायचे तर प्रत्येकाची परवानगी लागते, फक्त ॲडमिनची नाही.

९. मग यातून निघतं काय?

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येक पिढीत काहीतरी अपुरं होतं. आधी यंत्राचा वेळ, मग सीट, मग इंग्रजी, मग वीज, मग इंटरनेट. आणि प्रत्येक वेळी ती कमतरता विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या मदतीने भरून काढली. ज्यांना सोबत मिळाली ते टिकले असं ठामपणे म्हणायला अजून पुरावा गोळा व्हायचा आहे, पण तो गोळा करण्यासारखा आहे असं वाटायला भरपूर कारणं आहेत.

आज चित्र पुन्हा बदललंय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट खिशात आलं. २०२० मध्ये टाळेबंदीत एका अख्ख्या बॅचचं पहिलं वर्ष मोबाइलवर गेलं, शेजारी कोणीच नसताना. २०२१ पासून अभियांत्रिकी मराठीतूनही शिकता येण्याची सोय काही ठिकाणी झाली. आता एरर आला की मुलं शेजाऱ्याला विचारत नाहीत, एआयला विचारतात. उत्तर लगेच मिळतं, कोणी हसत नाही, बस चुकत नाही. गावच्या मुलीसाठी हे वरदान आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण शेजाऱ्याला विचारताना एररसोबत आणखी काय काय मिळायचं? फॉर्मची शेवटची तारीख, स्कॉलरशिपची माहिती, "तू पण ये ना आमच्या गटात" हे वाक्य. ते आता कुठून मिळणार?

२०१८ मध्ये वाशीमचं नाव देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलं, महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी एक म्हणून. तेव्हापासून आपल्याकडे निर्देशांक बरेच मोजले जातात. मोजावेतच. पण जे मोजलं जात नाही ते शोधणं हे संशोधकाचं काम आहे, आणि आपल्या मुलांचं कॉलेजातलं पहिलं वर्ष आज तरी कोणी मोजत नाही.

विषय शोधणाऱ्यांसाठी एक गृहपाठ देते. पेटची तयारी चालू असेलच, त्यातून एक रविवार काढा. तुमच्या तालुक्यातल्या सगळ्यात जुन्या संगणक क्लासच्या चालकांना किंवा तुमच्या कॉलेजच्या निवृत्त लॅब असिस्टंटना भेटा. जुनं रजिस्टर आहे का विचारा. असलं तर परवानगी घेऊन पानांचे फोटो काढा, तारखेनुसार लावा, आणि वरच्या चार प्रश्नांपैकी एक त्यांना विचारा. मग दोन पानांचं टिपण लिहा. ते तुमच्या संशोधन आराखड्याचं पहिलं पान होऊ शकतं. आणि नाही झालं, तरी ते रजिस्टर रद्दीत जाण्याआधी कोणीतरी वाचलेलं असेल.